गुणवत्ता ठरवतो कोण? स्प्रिंगबॉक संघाची निवड आणि आमचे बाररूममधले मित्र

काही दिवसांपूर्वी कोर्टाच्या बाररूममध्ये चहा घेत असताना आमचे एक सहकारी वकील मोठ्या उत्साहाने म्हणाले, "वकीलसाहेब, तुमच्या आरक्षणवाल्यांना जरा दक्षिण आफ्रिकेचा रग्बी संघ दाखवा. कोटा सोडला आणि लागोपाठ दोन विश्वचषक जिंकले. खेळात शेवटी गुणवत्ताच लागते." आजूबाजूचे चार-पाच जण हसले. आमचा मॅटर बोर्डावर होता, पुकारा झाला आणि आम्हाला उठावे लागले. पण एका वाक्यात किती खोटे मावू शकते याचा तो नमुना होता. त्याचे उत्तर तिथे अर्धवट देण्यापेक्षा इथे सविस्तर दिलेले बरे, कारण हेच वाक्य आपल्या कार्यकर्त्यांनाही उद्या कोणीतरी ऐकवणार आहे.

आपल्याकडे रग्बी फारसा पाहिला जात नाही, म्हणून आधी खेळाविषयी थोडे. एका संघात १५ खेळाडू मैदानात उतरतात. त्यातले आठ फॉरवर्ड. हे धिप्पाड गडी. खांद्याला खांदा लावून समोरच्या आठ जणांना रेटायचे, चेंडू हिसकावून आणायचा, हे त्यांचे काम. या रेटारेटीला स्क्रम म्हणतात. उरलेले सात बॅक. ते चेंडू घेऊन पळतात, पास देतात, लाथेने चेंडू लांब मारतात. त्यात १० नंबरचा खेळाडू म्हणजे संघाचा मेंदू. पुढे काय करायचे ते तो ठरवतो. कडेला पळणारे दोघे विंगर, म्हणजे वेगाचे काम. याशिवाय आठ राखीव. म्हणजे निवड होते ती २३ जणांची. हा २३ चा आकडा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय संघाला स्प्रिंगबॉक म्हणतात. रग्बी हा गोऱ्यांचा खेळ आणि काळ्यांचा खेळ फुटबॉल, असे तिथे वर्षानुवर्षे सांगितले गेले. वास्तविक पाहता पूर्व केप प्रांतात मिशनरी शाळांमधून कृष्णवर्णीय मुले एकोणिसाव्या शतकातच रग्बी खेळू लागली होती. त्यांचे क्लब होते, त्यांच्या स्पर्धा होत्या. नव्हता तो फक्त राष्ट्रीय संघाचा दरवाजा. १९८१ साली एरोल टोबायस हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू स्प्रिंगबॉकच्या कसोटी संघात आला. तोपर्यंतची सगळी दशके संघाची निवड केवळ कातडीच्या रंगावर होत होती. शंभर टक्के कोटा होता आणि तो गोऱ्यांचा होता. त्या काळात गुणवत्तेची चिंता कोणाला पडली होती?

आता आकडे पाहू. बहिष्कारामुळे १९८७ आणि १९९१ च्या विश्वचषकांत दक्षिण आफ्रिका नव्हती. १९९५ साली स्पर्धा त्यांच्याच देशात झाली. २४ जून रोजी जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर न्यूझीलंडला १५-१२ असे हरवून त्यांनी चषक जिंकला आणि नेल्सन मंडेला कर्णधाराचा ६ नंबरचा जर्सी घालून मैदानात आले. ते चित्र जगाने डोक्यावर घेतले. पण त्या दिवशीच्या १५ खेळाडूंत एकच गोरा नसलेला होता, चेस्टर विल्यम्स. उपांत्यपूर्व सामन्यात त्याने सामोआविरुद्ध चार ट्राय केल्या होत्या, तरी त्याला शोभेसाठी घेतले असे म्हणणारे होतेच. पुढे आपल्या चरित्रातून त्याने संघातल्याच काही सहकाऱ्यांकडून ऐकाव्या लागलेल्या शिव्या सांगितल्या. पोस्टरवर मात्र चेहरा त्याचाच होता! बारा वर्षांनी, २००७ साली पॅरिसमध्ये इंग्लंडला १५-६ असे हरवून दुसरा चषक जिंकला, तेव्हा सुरुवातीच्या १५ मध्ये असे खेळाडू दोन होते, हबाना आणि पीटरसन, आणि दोघेही विंगवर. बारा वर्षांत एकाचे दोन. सदिच्छेवर सोडले तर बदल कोणत्या वेगाने होतो, ते यावरून समजावे.

वकील म्हणून एक प्रकरण आम्हाला इथे सांगितलेच पाहिजे. रग्बी संघटनेतील वंशवाद, वशिलेबाजी आणि गैरकारभाराच्या तक्रारींवरून मंडेला सरकारने चौकशी आयोग नेमला. संघटनेचे अध्यक्ष लुईस लाइट कोर्टात गेले. खालच्या कोर्टाने चक्क राष्ट्राध्यक्षांना साक्षीसाठी बोलावले. मार्च १९९८ मध्ये मंडेला प्रिटोरियाच्या कोर्टात आले आणि त्यांनी उलटतपासणीला तोंड दिले. न्यायाधीशांनी निकाल त्यांच्या विरोधात दिला, त्यांच्या साक्षीवर अविश्वासही दाखवला. १९९९ साली घटनात्मक न्यायालयाने तो निकाल फिरवला. २७ वर्षे तुरुंगात काढलेल्या माणसाला, १९९५ साली ज्यांचा जर्सी अंगावर घातला त्यांच्याच संघटनेने पिंजऱ्यात उभे केले. त्या सुंदर छायाचित्राच्या मागची ही बाजू आमच्या बाररूममध्ये कोणाला माहीत नसते.

त्यानंतर दबाव वाढत गेला. काही प्रांतिक स्पर्धांत ठरावीक कृष्णवर्णीय खेळाडू खेळवण्याची सक्ती आली. राष्ट्रीय संघासाठी २०१९ पर्यंत ५० टक्क्यांचे उद्दिष्ट संघटनेनेच मान्य केले. २०१६ साली क्रीडामंत्र्यांनी उद्दिष्टे न गाठल्याबद्दल रग्बीसह चार खेळांच्या संघटनांना मोठ्या स्पर्धांच्या यजमानपदासाठी बोली लावण्यास बंदी केली. रग्बीवरची बंदी २०१७ मध्ये उठली. म्हणजे कोटा सोडला आणि चषक मिळाला, हे मुळातच खोटे. उद्दिष्ट होते, दंड होता, आणि त्याच काळात २०१९ चा संघ घडला.

आता दुहेरी मापाविषयी. २०१५ च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिका जपानकडून ३४-३२ अशी हरली. रग्बीच्या इतिहासातला तो सर्वात धक्कादायक निकाल मानला जातो. प्रशिक्षक गोरा, कर्णधार गोरा, संघात बहुसंख्य गोरे. गोऱ्यांची गुणवत्ता संपली, असे कोणी लिहिले नाही. प्रशिक्षकाचे डावपेच जुने झाले एवढेच लिहिले आणि ते योग्यच होते. त्यानंतर ॲलिस्टर कूट्झी हे कृष्णवर्णीय प्रशिक्षक आले. त्यांच्या काळात संघ इटलीकडून हरला, २०१७ साली न्यूझीलंडकडून ५७-० असा चिरडला गेला. मग मात्र चर्चा डावपेचांची झाली नाही, कोट्याची झाली. त्यांच्याआधी २००८ साली पीटर डी व्हिलियर्स पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक झाले, तेव्हा संघटनेच्या अध्यक्षांनीच जाहीर सांगितले होते की ही नेमणूक केवळ रग्बीच्या कारणांनी केलेली नाही. माणसाला खुर्ची द्यायची आणि तिचा एक पाय आधीच कापून ठेवायचा! या डी व्हिलियर्स यांच्या संघाने २००९ साली ब्रिटिश व आयरिश लायन्सविरुद्धची मालिका जिंकली, त्याच वर्षी न्यूझीलंडला तीनदा हरवले. तरीही त्यांची थट्टा थांबली नाही. आपल्यातल्या ज्या अधिकाऱ्यांनी नोकरीचा पहिला दिवस 'कोट्यातून आलेले' हे शब्द ऐकत काढला, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पण आमचा खरा मुद्दा याच्या पुढचा आहे. गुणवत्ता म्हणजे काय, हे कोण ठरवतो? रग्बीत ते खेळण्याची पद्धत ठरवते आणि खेळण्याची पद्धत प्रशिक्षक ठरवतो. आधी खेळाचा साचा तयार होतो, मग त्या साच्यात बसणाऱ्याला गुणवान म्हणतात.

चेस्लिन कोल्बी याचे उदाहरण घ्या. उंची जेमतेम पावणेसहा फुटांच्या आत. स्प्रिंगबॉकची जुनी पद्धत म्हणजे अंगावर जाऊन धडकणे. त्यात विंगरही भरभक्कम लागायचा. त्या साच्यात कोल्बी 'लहान' होता. २०१७ साली तो फ्रान्समध्ये तुलूझ क्लबकडे गेला. तिथल्या खेळात चपळाईला किंमत होती आणि तिथे तो मोठा झाला. परदेशात खेळणाऱ्याला ३० कसोट्यांची अट होती. रासी एरास्मस प्रशिक्षक झाल्यावर ती सैल झाली आणि पुढे गेलीच. २०१८ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी कोल्बीला पहिली कसोटी मिळाली. पुढच्याच वर्षी योकोहामाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडला ३२-१२ असे हरवताना दोन ट्राय झाल्या. एक मकाझोले मापिम्पीची, दुसरी कोल्बीची. कोल्बीचे पाय २०१६ साली आणि २०१९ साली तेच होते. बदलला तो साचा आणि निवडणाऱ्याची नजर.

त्याच सामन्यात आणखी एक समजूत मोडली. काळा खेळाडू म्हणजे वेग, त्याला कडेला पळवा; मेंदूचे आणि ताकदीचे काम मध्ये गोऱ्यांनी करावे, अशी ती जुनी समजूत. त्या दिवशी स्क्रमच्या पहिल्या ओळीत तेंदाई म्तावारीरा आणि बाँगी म्बोनाम्बी होते, आणि म्तावारीराने समोरच्या इंग्लंडच्या खेळाडूला अक्षरशः उचलून मागे रेटले. सामना तिथेच फिरला. बुद्धीचे काम अमक्याचे, पळण्याचे तमक्याचे, ही विभागणी आपल्याला चांगली ओळखीची आहे. श्रमाची विभागणी नव्हे, श्रमिकांची विभागणी, हे बाबासाहेबांनी दाखवून दिलेच आहे.

एरास्मस यांच्या पद्धतीवर जगभर टीका झाली. चेंडू उंच मारा, स्क्रममध्ये पेनल्टी मिळवा, तीन-तीन गुण गोळा करा; हे रुक्ष रग्बी आहे असे युरोपातले समीक्षक म्हणाले. सर्वात जास्त ओरड झाली ती राखीव खेळाडूंवरून. साधारणपणे आठ राखीवांत पाच फॉरवर्ड आणि तीन बॅक असतात. एरास्मस यांनी २०१९ मध्ये सहा-दोन केले आणि २०२३ च्या अंतिम सामन्यात तर सात-एक. दुसऱ्या अर्ध्यात दमलेल्या संघासमोर ताज्या दमाचे सात धिप्पाड गडी उतरवायचे. हे नियमात बसते. आम्हाला यातली एक गोष्ट आवडली, ती म्हणजे बाकावर बसणाऱ्याला या संघात दुय्यम मानले जात नाही. पहिल्या १५ मध्ये नाही म्हणून अपमान नाही. सामना संपवण्याचे काम त्याचेच. पण हा जुगारही होता. अंतिम सामन्यात पहिल्या काही मिनिटांतच म्बोनाम्बी जखमी झाला. दुसरा खरा हूकर संघात नव्हता, कारण माल्कम मार्क्स स्पर्धेच्या सुरुवातीला जखमी झाल्यावर त्याच्या जागी हूकर न आणता १० नंबरचा हान्ड्रे पोलार्ड आणला होता. डिऑन फूरी हा तेव्हा मुख्यतः फ्लँकर म्हणून खेळणारा, वय ३७, त्याने जवळपास सगळा सामना हूकरच्या जागी काढला. १२-११ असा एका गुणाने चषक आला आणि बाराही गुण पोलार्डच्या पेनल्टीचे. फसले असते तर हीच निवड मूर्खपणाची ठरली असती.

पोलार्डला आणण्याचे कारण होते मानी लिबॉक. हा कृष्णवर्णीय खेळाडू १० नंबरवर, म्हणजे मेंदूच्या जागी होता. पास देण्यात तो विलक्षण, पण गोलावर लाथ मारताना चुकत होता. आयर्लंडविरुद्ध ८-१३ अशी हार झाली त्यात वाया गेलेल्या लाथांचा मोठा वाटा होता. उपांत्य सामन्यात त्याला पहिल्या अर्ध्यातच बाहेर काढले आणि अंतिम सामन्याच्या २३ मध्ये तो नव्हता. यात वंशवाद होता काय? आमचे प्रामाणिक मत, नव्हता. ज्या संघाने तीन-तीन गुणांनी जिंकायचे ठरवले आहे, त्याला लाथ अचूक मारणाराच लागणार. चळवळीच्या माणसाने प्रत्येक वगळण्यात अन्याय शोधू नये. खरा अन्याय दाखवताना मग आपला शब्द हलका होतो. पण साचा बदलला की काय होते तेही पाहा. २०२४ पासून न्यूझीलंडचे टोनी ब्राऊन आक्रमणाचे प्रशिक्षक म्हणून आले आणि संघ चेंडू हातात ठेवून खेळू लागला. आता १० नंबरवर साशा फाइनबर्ग-म्न्गोमेझुलु हा २००२ साली जन्मलेला मुलगा आहे. २०२५ मध्ये त्याने अर्जेंटिनाविरुद्ध एका सामन्यात ३७ गुण केले. त्याच वर्षी वेलिंग्टनमध्ये स्प्रिंगबॉकने न्यूझीलंडला ४३-१० असे हरवले, न्यूझीलंडच्या इतिहासातला तो सर्वात मोठा पराभव.

हे सगळे चांगले आहे. मग आमची तक्रार काय? मघाचा २३ चा आकडा घ्या. २०१९ च्या अंतिम सामन्यात २३ पैकी गोरे नसलेले खेळाडू ७ होते, सहा सुरुवातीला आणि एक बाकावर. २०२३ च्या अंतिम सामन्यात किती? पुन्हा ७, पाच सुरुवातीला आणि दोन बाकावर. ज्या देशात २०२२ च्या जनगणनेनुसार गोरे ७ टक्क्यांच्या आसपास आहेत, तिथे चार वर्षांत आकडा जागचा हलला नाही. ५० टक्क्यांचे उद्दिष्ट दोन्ही वेळा चुकले. चषकाच्या झगमगाटात ते कोणी विचारले नाही. आणि २०१८ च्या सुरुवातीला कूट्झी गेले, त्यानंतर मुख्य प्रशिक्षकाच्या जागी कृष्णवर्णीय माणूस बसलेला नाही. साचा ठरवणारी खुर्ची तीच, हे विसरून चालणार नाही.

आमच्या सहकाऱ्यांच्या बाजूने एक साक्षीदार आहे, तोही आम्ही लपवणार नाही. खुद्द कर्णधार सिया कोलिसी २०१९ च्या सुरुवातीला म्हणाला होता की मंडेलांनी कोट्याला पाठिंबा दिला नसता असे त्याला वाटते. आमचे मित्र इथेच थांबतात. पण साक्ष अर्धी वाचता येत नाही. कोलिसी पुढे म्हणाला की बदल वरून सुरू होत नाही, वस्त्यांपासून सुरू करावा लागतो. आपण त्या इंग्रजी शाळेत गेलो नसतो तर नीट खायला मिळाले नसते, अंगाने नीट वाढलो नसतो. हा माणूस पोर्ट एलिझाबेथच्या झ्विडे वस्तीतला. जन्म १६ जून १९९१ चा. माणसाची वंशवार नोंद करणारा कायदा संसदेने दुसऱ्याच दिवशी रद्द केला. बारा वर्षांचा असताना मॉसल बे इथे एका स्पर्धेत तो आतल्या चड्डीवर खेळला, कारण खेळाची चड्डी नव्हती. तिथे कोणाच्या तरी नजरेत भरला आणि ग्रे या नामवंत शाळेची शिष्यवृत्ती मिळाली. म्हणजे त्याची खरी निवड २०१८ साली कर्णधार म्हणून झाली नाही. ती बाराव्या वर्षी झाली, जेवणाच्या ताटापाशी. कोटा नको म्हणण्यात आम्ही त्याच्याशी सहमत नाही. वरून रेटा नसता तर खालची शिष्यवृत्ती किती काळ वाट पाहत राहिली असती, हा प्रश्न आम्ही त्याला नक्की विचारू. पण ताटाविषयी तो बोलला ते शंभर टक्के खरे आहे.

कायद्याने हा वाद कधीच निकालात काढला आहे. दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाने २००४ साली व्हॅन हीर्डन खटल्यात सांगितले की मागे ठेवल्या गेलेल्यांसाठी केलेल्या उपाययोजना हा समतेला अपवाद नाही, तो समतेचाच भाग आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हेच १९७५ साली एन. एम. थॉमस खटल्यात जवळपास याच शब्दांत सांगितले होते. बाररूममधल्या मंडळींनी निदान आपल्या देशाचा निकाल तरी वाचावा. आणि खेळातल्या गुणवत्तेचीच गोष्ट करायची, तर पालवणकर बाळूंपासून करू. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेणारा हा चांभार समाजातला गोलंदाज. पुण्यात त्यांचा चहा मैदानाबाहेर मातीच्या भांड्यात येत असे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना १९२३ साली मिळाले. (१९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले, हा भाग वेगळा.) त्यांच्या चेंडूत कोणती गुणवत्ता कमी पडली होती?

आता राहिला मापिम्पी. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेसाठी ट्राय करणारा हा पहिला खेळाडू. पूर्व केपमधल्या खेड्यातला, कोणत्याही नामवंत शाळेत न गेलेला. त्याला वरच्या दर्जाची पहिली स्पर्धा २०१७ साली मिळाली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, सदर्न किंग्ज या पोर्ट एलिझाबेथच्या संघातून. कृष्णवर्णीय रग्बीचे माहेर असलेल्या प्रांताचा तो संघ. पैशाची ओढाताण, गलथान कारभार, सगळे होते. पण मापिम्पीसारख्याला दार तेवढे एकच होते. त्याच २०१७ नंतर किंग्जना सुपर रग्बीतून काढले आणि २०२० साली तो संघ दिवाळखोरीत निघाला. आज युरोपातल्या मोठ्या लीगमध्ये दक्षिण आफ्रिकेचे चार संघ खेळतात, प्रिटोरिया, जोहान्सबर्ग, डर्बन आणि केपटाऊनचे. पूर्व केपचा एकही नाही. तिथल्या मुलाने तेराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून घर सोडावे, नाहीतर खेळ सोडावा. पुढचा विश्वचषक २०२७ साली ऑस्ट्रेलियात आहे. त्याच्या २३ च्या यादीवर भांडणे होतील तेव्हा गुणवत्तेचे दाखले पुन्हा दिले जातील. त्या यादीत पूर्व केपच्या खेड्यातला, शिष्यवृत्ती न मिळालेला मुलगा असेल काय, हे आम्ही बाररूममधल्या मित्रांना आजच विचारून ठेवतो.